गळास लागलेला मासा आणि त्याचे माप

आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखकाची दृष्टी साहजिकच होड्यांकडे, जाळ्यांकडे आणि दर्यावर्दी पूर्वजांच्या पराक्रमाकडे वळते. ते योग्यच आहे. परंतु इतिहास केवळ मोठ्या प्रसंगांचाच असतो असे नाही. रोज हातून घडणाऱ्या लहान कृतींनाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा त्याच इतिहासाचा पुढील पिढ्यांच्या पोटापाण्याशी अधिक निकट संबंध असतो. अशाच एका लहानशा प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. मासा पाण्याबाहेर आल्यावर तो टोपलीत टाकावयाचा की पुन्हा पाण्यात सोडावयाचा, हे आजवर कोणी ठरविले, आणि कोणत्या मापाने?

हा प्रश्न आम्हांस सुचण्यास एक प्रसंग कारण झाला. पावसाळा संपल्यावर एका रविवारी सकाळी आम्ही खाडीच्या धक्क्यावर गेलो होतो. तेथे आपल्याच समाजातील एक तरुण गळ टाकून बसला होता. त्याच्या आज्याने जन्मभर डोल मारली. हा मात्र कचेरीत नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी हौसेने गरवतो. त्याच्या पिशवीत वीतभर लांबीच्या तीन तांबोशी आणि एक कोवळा जिताडा होता. आम्ही पाहत आहोत असे दिसताच तो थोडासा संकोचला व म्हणाला, “काका, हा जिताडा ठेवू का सोडू? याला काही माप आहे का?” आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही. आमच्या लहानपणी असा प्रश्न कोणी विचारीत नसे. उलट, गाभोळीने पोट फुगलेला जिताडा घरी आला की सणाचा आनंद होई. ती गाभोळी आम्हीही आवडीने खाल्ली आहे. त्या तरुणाचा जिताडा अखेर पिशवीतच मेला, आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही जुनी-नवी पुस्तके चाळू लागलो. त्या वाचनाचे सार पुढे देत आहोत.

मासळीस अभय देण्याचा आपल्या देशातील अतिप्राचीन लेखी पुरावा सम्राट अशोकाच्या स्तंभलेखांत सापडतो. सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत हे आपल्या किनाऱ्यावरील पुष्कळांस ठाऊक आहे. आम्ही म्हणतो तो लेख मात्र निराळा, उत्तरेकडील स्तंभांवरचा पाचवा लेख होय. राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर राजाने तो कोरविला. चातुर्मास्यांच्या तीन पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा व उपोसथाचे दिवस या काळात मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, असे त्यात सांगितले आहे. त्याच दिवशी ‘केवटभोगां’त, म्हणजे धीवरांच्या राखीव पाण्यांत, इतर प्राण्यांचीही हत्या करू नये अशी आज्ञा आहे. बावीसशेहून अधिक वर्षांपूर्वी राजाच्या लेखात आपल्या धंद्याच्या लोकांची राखीव पाणी म्हणून स्वतंत्र नोंद व्हावी, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु त्याच लेखातील आणखी एक वाक्य विचार करण्याजोगे आहे. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी व डुकरीण, तसेच सहा महिन्यांच्या आतील त्यांची पिले मारू नयेत, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे वीण वाचवावयाची तर आईला आणि पिलाला, दोघांनाही सोडले पाहिजे, हे तत्त्व त्या काळी पूर्णपणे समजलेले होते. शेळीस ते लावले गेले; मासळीस मात्र दिवसाची व जातीची मर्यादा लागली, वयाची व मापाची लागली नाही. याचे कारण उघड आहे. शेळीचे वय व गर्भ डोळ्यांस दिसतो. मासा पाण्याखाली असतो, आणि वर येतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

यानंतर आपण बाराव्या शतकात येऊ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे 1130 साली ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद याच ग्रंथात आहे, म्हणून मराठीच्या अभ्यासकांस तो परिचित आहे. त्यात ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्रातील मासे कोणते, नदीतील कोणते, खवले असलेले व नसलेले कोणते, कोणत्या माशास कोणते आमिष रुचते, दोरी कशाची वळावी, गळास मासा लागल्यावर त्याला कसा खेळवावा, हे सर्व राजाने बारकाईने सांगितले आहे. प्रकरणाचे नावच सांगते की ही मासेमारी पोटासाठी नव्हे, विनोदासाठी, म्हणजे करमणुकीसाठी होती. हौसेने गळ टाकणे ही गोष्ट साहेबाने या देशात आणली असा जो समज आहे, तो या एका प्रकरणाने खोटा ठरतो. तथापि माशांच्या खाण्यापिण्याची इतकी माहिती राजास कोठून मिळाली असेल? नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या धीवरांखेरीज ती त्याला कोण सांगणार, असे आमचे अनुमान आहे.

हेच ज्ञान एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या मार्गाने जगापुढे आले. मुंबई सरकारच्या नोकरीतील कर्नल विल्यम साइक्स याने दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन 1839 साली प्रसिद्ध केले. नव्या जातींस शास्त्रीय नावे देताना त्याने पुष्कळ ठिकाणी येथील लोकांच्या तोंडची मराठी नावेच घेतली. खुद्री, कोळस, नकटा ही आपल्या भोयांची व कोळ्यांची नावे लॅटिन रूप घेऊन आजही जगातील शास्त्रग्रंथांत नांदत आहेत. त्यांतील खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर. साइक्सला तो पुण्याच्या मुळा-मुठेत मिळाला होता. ज्यांनी ही नावे सांगितली त्यांची स्वतःची नावे मात्र कोठेही नोंदलेली नाहीत.

पुढे 1873 साल आले. त्या एकाच वर्षी दोन पुस्तके निघाली, आणि आपल्या धंद्याच्या कायद्याचा इतिहास त्या दोहोंपासून सुरू होतो असे म्हणावयास हरकत नाही. पहिले फ्रान्सिस डे या अधिकाऱ्याचा हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातील मासळीविषयीचा अहवाल. दुसरे मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस याचे, हिंदुस्थानात गळाने मासेमारी कशी करावी हे शिकविणारे पुस्तक. ते मंगळुरास छापले गेले. थॉमस हा गळाचा निस्सीम शौकीन होता. दोघांचेही म्हणणे असे की, बारीक आसाच्या जाळ्यांनी, बांधांनी व विषाने नद्यांतील पिले आणि विणीचे मासे नष्ट होत आहेत, तरी सरकारने आळा घालावा. या चळवळीतून अखेर 1897 चा मासेमारीचा कायदा झाला. सुरुंगाने व विषाने मासे मारणे त्याने गुन्हा ठरविले, आणि निवडक पाण्यांत जाळ्यांचे प्रकार व त्यांच्या आसाचे माप ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला.

या कायद्याचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. विष व सुरुंग यांचे समर्थन कोणता शहाणा मासेमार करील? पण एक गोष्ट इतिहासकाराने नोंदविलीच पाहिजे. आसाचे माप ठरविण्याचा आग्रह धरणाऱ्यांत छडी व गळ घेऊन बसणारे लोक पुढे होते, आणि ज्यांचे माप घ्यावयाचे ते जाळ्यावर पोट भरणारे होते. स्वतःच्या गळास लागलेल्या माशास मात्र त्या शौकिनांनी उलटेच माप लावले. मासा जितका मोठा तितकी कीर्ती मोठी. कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात 1946 साली 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महासीर गळाने पकडला गेला, आणि तो विक्रम म्हणून आजही सांगितला जातो. एवढा थोरला महासीर ही बहुधा मादी असते, हे तेव्हा कोणी ध्यानात घेतले नाही. पिलास वाचवा असे जाळेवाल्यास सांगावयाचे आणि आईला मारून तिचे छायाचित्र भिंतीवर लावावयाचे, अशी ही विसंगती होती. अशोकाच्या लेखातील दोन अर्ध्यांपैकी एकच अर्धे शिल्लक राहिले होते.

कावेरीच्या याच महासीराची पुढील कथा बोधप्रद आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने महासीराच्या बीजोत्पादनाचे केंद्र काढले. दख्खनी महासीराची अंडी व पिले यांविषयी सी. व्ही. कुलकर्णी या आपल्याकडील मत्स्यशास्त्रज्ञांनी 1971 साली लिहिलेला निबंध या कार्याचा एक पाया होय. तेथील पिले अनेक राज्यांत पाठविण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती कावेरीतही सोडली गेली, आणि कावेरीचा महासीर हा दख्खनी महासीराहून निराळा, पाठीवर कुबड असलेला, केवळ त्याच खोऱ्यात राहणारा आहे याकडे दुर्लक्ष झाले. कावेरीकाठच्या मुक्कामांवर येणारे हौशी लोक त्या काळी एक नियम कसोशीने पाळीत. पकडलेला प्रत्येक महासीर वजन करून, नोंद करून पुन्हा सोडावयाचा. 1998 ते 2012 या काळातील या नोंदी शास्त्रज्ञांनी पुढे तपासल्या, तेव्हा असे दिसले की बाहेरून आणलेले मासे संख्येने वाढत गेले. कुबडाचे महासीर उत्तरोत्तर थोडे मिळू लागले, आणि जे मिळत ते अधिकाधिक मोठे असत. त्यांची पिले गळास लागेनाशी झाली होती. शौकिनांस वाटे, काय मोठे मासे मिळतात! वस्तुतः ते घर म्हाताऱ्यांचे झाले होते. पाळणा हलत नव्हता. 2018 साली या जातीची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, आणि त्याच वर्षी तिची गणना जगातील अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली.

या कथेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. मासा सोडण्याने तो मासा वाचतो, पण सोडताना त्याचे माप लिहून ठेवले तर सबंध नदीची प्रकृती कळते. दुसरी गोष्ट अशी की, मापाला केवळ खालचे टोक नसते, वरचेही असते. याचे उत्तम उदाहरण आपल्या खाडीतील जिताडाच होय. पेण-अलिबागकडील तळ्यांत तो पाळण्याची चाल जुनी आहे, आणि जिताड्याची भेट म्हणजे मोठा मान असे आपण समजतो. हा मासा प्रथम नर असतो. काही वर्षे वाढून पुरेसा मोठा झाल्यावर त्याची मादी होते. तेव्हा कोवळा जिताडा मारला तर एकदाही वीण न होता तो जातो, आणि सगळे थोरले जिताडे मारले तर खाडीत माद्याच उरत नाहीत. हाच मासा ऑस्ट्रेलियात आहे. तेथील क्वीन्सलँड राज्यात पूर्व किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्यास 58 सेंटिमीटरांहून लहान व 120 सेंटिमीटरांहून मोठा जिताडा ठेवता येत नाही. दोन्ही पाण्यात परत सोडावे लागतात. मधल्या मापाचा तेवढा घरी न्यावयाचा. आई आणि पिलू दोघांनाही अभय, हे अशोकाने शेळीस लावलेले तत्त्व येथे मासळीस लागलेले दिसते.

आपल्या किनाऱ्यावर मर्यादेची कल्पना नव्हती असे मात्र कोणी समजू नये. आषाढ-श्रावणात होड्या शाकारून ठेवावयाच्या, आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण केल्यावरच धंद्यास आरंभ करावयाचा, ही चाल आपल्या समाजाने कोणत्याही सरकारी हुकुमाची वाट न पाहता पाळली. आज शासनाची पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची आहे. महाड तालुक्यातील वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे मासे, आणि वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथे शंकराच्या देवळाजवळचे मासे कोणी मारीत नाही; लहान असो वा मोठा, देवाचा मासा तो देवाचा. काळाची मर्यादा होती, स्थळाची होती. मापाची मर्यादा मात्र आपल्याकडेही नव्हती, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

ती आता आली आहे. केरळ राज्याने 2015 साली समुद्रातील मासळीचे किमान माप ठरविण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्र शासनाने केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशींवरून 2 नोव्हेंबर 2023 रोजी 54 जातींची किमान मापे जाहीर केली. त्यांत पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, बांगडा 110, हलवा 170, सुरमई 370 आणि घोळ 700 मिलिमीटर अशी मापे आहेत. त्याच वर्षी पापलेटास राज्यमाशाचा मानही मिळाला. ज्यास आपण राज्याचा मासा म्हणतो, त्याची तळहातात मावणारी पिले बाजारात वाटा लावून विकावयाची हे दोन्ही एकाच वर्षी चालू राहणे कोणासही शोभणारे नव्हते.

या नियमावर आपल्या लोकांची तक्रार आहे, आणि ती पोकळ नाही. जाळ्यात आलेला मासा माप घेण्याच्या वेळी बहुधा मेलेला असतो; मेलेले पापलेट समुद्रात फेकून काय साधणार? डोलीत बोंबील आणि जवळा यांच्याबरोबर दुसऱ्या माशांची पिले येतात, ती वेगळी कोण व कशी करणार? मोठ्या यांत्रिक नौका पाण्याची चाळण करीत असता लहान होडीवाल्याच्याच टोपलीत मोजपट्टी का घातली जाते? हे प्रश्न सभेत विचारले गेले पाहिजेत, आणि शासनाकडेही नेले पाहिजेत. आमचे मत असे की, जाळ्याची मर्यादा ही माशाच्या लांबीत नव्हे तर जाळ्याच्या आसात, जाळे मारण्याच्या जागेत व काळात असली पाहिजे, आणि ती मोठ्या नौकेस प्रथम व लहान होडीस नंतर लागली पाहिजे.

परंतु गळाचे तसे नाही. गळाचा मासा एकटा येतो व जिवंत येतो. त्याला पाहण्यास, मोजण्यास व सोडण्यास सवड असते. पोटासाठी गरवणारा गरीब मनुष्य निराळा. पण सुटीच्या दिवशी हौसेने बसलेल्या तरुणास भुकेचे कारण सांगता येणार नाही. थॉमसच्या काळी छडीवाला साहेब होता आणि जाळेवाला आपण होतो. आज छडीवाला आपला मुलगा आहे. ज्या शौकिनाने दुसऱ्यास माप लावले व स्वतःस लावले नाही, त्याची चूक आपल्या मुलांनी गिरवावी काय? जाळ्याची मर्यादा आसात असते. गळाची मर्यादा हातात असते.

म्हणून आपल्या तरुणांस काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पिशवीत मोजपट्टी असावी, आणि शासनाच्या 54 जातींची यादी पाठ असावी. यादीत नसलेला मासा कोवळा दिसला तर त्याला यादीची वाट पाहावयास लावू नये. कायद्याचे माप ही शेवटची पायरी आहे. त्याहून थोडा मोठा मासा ठेवण्यात कमीपणा नाही. गाभोळीने भरलेली थोरली मादी सोडावी. पुष्कळ जातींत दुप्पट वजनाची मादी दुपटीहून अधिक अंडी देते, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या शेकडो जातींच्या अभ्यासावरून दिसून आले आहे. मासा सोडावयाचा तर हात ओले करून धरावा, कोरड्या दगडावर आपटू देऊ नये, कल्ल्यांत बोटे घालू नयेत. गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता दोरी कापावी. बिनकाट्याचा गळ वापरल्यास हे सर्व सोपे होते. आणि कावेरीच्या नोंदींचे उदाहरण ध्यानात ठेवून, कोणता मासा, केवढा, कोठे मिळाला, हे एका वहीत लिहून ठेवावे. साइक्सने आपल्या पूर्वजांकडून नावे घेतली, पण सांगणाऱ्यांची नावे लिहिली नाहीत. आता लिहिणारे आपलेच असावेत.

आमच्या पिढीने गाभोळी खाल्ली व माप विचारले नाही. त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही, स्वतःस मात्र देतो. त्या रविवारी धक्क्यावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस आता देता येते. बाळा, तो जिताडा सोडावयास हवा होता. त्याला कोणत्या यादीत माप आहे की नाही हे पाहण्याची गरज नव्हती. तो अजून कोणाचा बाप झाला नव्हता, आणि आई होण्यास तर त्याला पुष्कळ वर्षे होती.